गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र : एकट्या बाईने राहायचं कुठे?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे, याची मला जाणीव आहे. तरीही हे पत्र आपण स्वतः वाचावं, अशी विनंती करते.

गेल्या रविवारी डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मला एक वन आरके मिळालं. मंगळवारी ते गेलंही. भाडं ९,०००, डिपॉझिट ४०,०००. खोलीला एकच खिडकी, पण ती पूर्वेला उघडत होती. मोरीला नव्या टाइल्स लावलेल्या होत्या. माप घ्यायला जवळ काही नव्हतं म्हणून मी ओढणी काढून भिंतीला लावून पाहिली. कॉट बसत होती, कॉटच्या पायथ्याशी कपाटही बसत होतं. घरमालक आजोबा चांगले होते. "एकटीच आहेस ना, मग घर नीट ठेवशील," म्हणाले. ५,००० रुपये टोकन देऊन मी स्टेशनपर्यंत चालत आले. वाटेत एक झाडूही विकत घेतला.

मंगळवारी दुपारी मी काउंटरवर असताना ब्रोकरचा फोन आला. "मॅडम, सेक्रेटरी नाही म्हणतात. सोसायटीला फॅमिली पाहिजे." मी म्हटलं, मी एकोणचाळीस वर्षांची आहे, अकरा वर्षं एकाच ठिकाणी नोकरी करते, पगाराची स्लिप देते, पोलीस व्हेरिफिकेशन करून देते. तो म्हणाला, "ते सगळं बरोबर आहे हो, पण एकट्या बाईला नको म्हणतात." टोकनमधले ३,००० परत आले. २,००० त्याने खोल्या दाखवल्याचे म्हणून कापून घेतले.

तो झाडू माझ्या कॉटखाली पडून आहे.

मी दादरला एका खाजगी लॅबमध्ये बिलिंगला आहे. हातात २२,००० येतात. सध्या डोंबिवलीत कॉट बेसिसवर राहते. एका हॉलमध्ये सहाजणी, कॉटचे ६,५०० रुपये. साडेदहाला दिवा बंद. स्वयंपाक करायचा नाही, चहासुद्धा नाही. माझ्या मालकीची जागा म्हणजे कॉटखालची पेटी आणि भिंतीवरचे दोन खिळे. मागच्या पावसाळ्यात मला आठ दिवस ताप होता, तेव्हा शेजारच्या कॉटवरच्या मुलीने नाकाला रुमाल बांधून झोप काढली. तिचाही दोष नाही, ती तरी कुठे जाणार होती? आता ही इमारत रिडेव्हलपमेंटला चालली आहे आणि ३० तारखेपर्यंत आम्हा सहाजणींना बाहेर पडायचं आहे. मालकाला बिल्डरकडून भाडं मिळेल, कॉर्पस म्हणजे एकरकमी पैसे मिळतील, नवा फ्लॅट मिळेल. आम्ही त्या इमारतीत राहत होतो, असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.

पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडं असेल तर ते परवडणारं, असं सगळीकडे धरतात. माझे तीस टक्के ६,६०० होतात, म्हणजे मला परवडते ती एक कॉट. डोंबिवलीच्या त्या खोलीचा हिशेब मी वहीत लिहिला होता. डिपॉझिट ४०,०००, पहिलं भाडं ९,०००, ब्रोकरेज एका महिन्याचं ९,०००, ॲग्रीमेंटचे ३,५००, टेम्पो २,५००. एकूण ६४,०००. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार हातात घेऊन दाराशी उभं राहायचं, मग दार उघडायचं की नाही ते सेक्रेटरी ठरवणार. आणि त्या ३,५०० मध्ये सरकारची मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी दोन हजारांच्या आतच असते, बाकीचे एजंटाचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. मला आजवर चार घरमालक भेटले, चौघांनीही तो खर्च माझ्याकडून घेतला.

लोक सांगतात, आणखी लांब जा. गेले होते. बदलापूरला बघितलं, वांगणीला बघितलं. वांगणीत माझ्या पगारात बसणारी खोली आहे, खोटं कशाला बोलू? पण आमचा काउंटर रात्री साडेनऊला बंद होतो. कॅश जुळवून दादरला गाडी पकडायची, ती कर्जतकडची मिळाली तर मिळाली, वांगणीला उतरेपर्यंत साडेअकरा होऊन जाणार आणि स्टेशनपासून पुढे अंधारातून चालत जायचं. मग सकाळी सहाला परत फलाटावर. अशा खोलीला घर म्हणायचं की झोपायची जागा?

महोदय, २० मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 'माझे घर, माझा अधिकार'. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. त्यात नोकरदार महिलांसाठी भाड्याच्या घरांचा उल्लेख होता. ती बातमी मी लोकलमध्ये उभ्याने वाचली आणि फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. त्यानंतर मी पाच ठिकाणी विचारलं. भाड्याच्या घराचा अर्ज कुठे भरायचा, किती भाडं, कुठल्या स्टेशनजवळ? एकाही टेबलावर उत्तर मिळालं नाही. एका कार्यालयात तर बाईंनीच मला विचारलं, "तुम्हाला लॉटरीचा फॉर्म हवाय का?"

लॉटरीचंही सांगते. म्हाडाच्या घरांच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटाची मर्यादा मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाख आहे. माझे वर्षाचे २ लाख ६४ हजार होतात. महिन्याला ५० हजार कमावणारा माणूस आणि मी एकाच रांगेत उभे. नंबर लागला तरी पैसे कुठून आणू? बँकेत चौकशी केली तेव्हा त्यांनी माझ्या पगारावर जो कर्जाचा आकडा सांगितला, त्यात घराची निम्मी किंमतही बसत नव्हती. जोडप्यात दोन पगार असतात, कर्जाला सहअर्जदार असतो. माझा सहअर्जदार कोण? आईवडील गेले, भाऊ गावाला.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहातही मी राहिले आहे. तिथे केंद्राच्या योजनेप्रमाणे राहायची मुदत साधारण तीन वर्षं. मी वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले, चौतिसाव्या वर्षी बाहेर पडले. तीन वर्षांत बाईचं लग्न होईल किंवा पगार तिप्पट होईल, असं कुणी आणि कशाच्या आधारावर धरलं? माझं यातलं काहीच झालं नाही. लग्न करायचं नाही हे मी ठरवलेलं आहे आणि त्याबद्दल मला कुणाला उत्तर द्यायचं नाही.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. गिरणगावात एकट्या माणसाला जागा होती, हे ते नेहमी सांगायचे. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गावच्या मंडळाच्या गाळ्यात पेटी ठेवायचा, पाळीपाळीने झोपायचा आणि खानावळीत जेवायचा. ते हाल होतेच, मी त्याचे गोडवे गात नाही. पण एकटा कामगार येणार, त्याला डोकं टेकायला जागा लागणार, हे त्या शहराला ठाऊक होतं. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, भाड्याने. २००८ मध्ये आपल्या सरकारने एमएमआरडीए म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणामार्फत भाड्याच्या घरांची योजना आणली, त्यातलंही घर १६० चौरस फुटांचं. मला ते चाललं असतं! आनंदाने राहिले असते. पण ती भाड्याची घरं भाडेकरूंना मिळालीच नाहीत. पनवेलजवळ कोनची २,४१७ घरं २०१६ मध्ये लॉटरीने गिरणी कामगारांना विकली गेली, दोन खोल्या जोडून एक करून. गिरणी कामगाराची मुलगी आहे, त्यांना घर मिळालं याचं दुःख मला कसं होईल? पण गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले आणि कामगारांना द्यायची घरं भाडेकरूंच्या योजनेतून काढली. एका गरिबाच्या ताटातली भाकरी उचलून दुसऱ्याच्या ताटात ठेवली आणि दोघांनाही वाढल्याची नोंद केली.

२०२० मध्ये टाळेबंदीत मजूर चालत निघाले, तेव्हा केंद्राने परवडणाऱ्या भाडे संकुलांची योजना जाहीर केली. जुलैमध्ये मंजुरीही दिली. २ जून २०२१ ला केंद्रीय मंत्रिमंडळात आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर झाला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, असं स्पष्ट लिहिलं आहे. माझ्या त्या खोलीचं डिपॉझिट त्या हिशेबाने १८,००० झालं असतं. पण तो कायदा राज्यांनी आपापल्या इथे आणायचा होता. माझ्याकडे ब्रोकरने ४०,००० मागितले तेव्हा त्याला दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. आणि सोसायटीचं म्हणाल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सदनिका भाड्याने द्यायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी लेखी कळवलं की झालं. मग तो सेक्रेटरी कुठल्या अधिकारात नाही म्हणाला? त्याच्याविरुद्ध मी तक्रार कुठे करू? मी सभासद नाही, भाडेकरूही झाले नाही. मी कुणीच नाही.

तुमची प्रत्येक योजना माणसाला दोनच प्रश्न विचारते, विकत घेणार का आणि कुटुंब किती जणांचं. झोपडीचा १ जानेवारी २०११ च्या आधीचा पुरावा असेल तर पुनर्वसन आहे. पागडी देऊन जुन्या इमारतीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूला पुनर्विकास आहे. ज्याच्याकडे आधीपासून काहीतरी आहे, त्याच्यासाठी एखादा कागद निघतो. जी बाई प्रामाणिकपणे भाडं भरून, दर अकरा महिन्यांनी करार संपला की खोली झाडून, चावी देऊन निघून गेली, तिच्यासाठी एकही कागद नाही. आणि घरं नाहीत, असंही नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजार रिकामी घरं दाखवली आहेत, देशात सर्वांत जास्त. चार लाख ऐंशी हजार कुलपं! आणि त्यांच्या खालून मी रोज लोकलने ये-जा करते.

मला फुकट काही नको, हे कृपा करून लक्षात घ्या. भाडं मी देणार आहे, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत, जसं आजवर देत आले. डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा या राज्यात लागू करा. एकट्या माणसाला, बाई असो की बाप्या, केवळ एकटं आहे म्हणून सोसायटीने नाकारलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे त्याची तक्रार घेतली जाईल आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लागेल, असं काहीतरी करा. आणि धोरणात लिहिलेल्या भाड्याच्या घरांपैकी निदान काही एका माणसाची बांधा. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, विक्रीला कधीही न काढता येणारी. कुठे, किती आणि कधी, एवढं जाहीर करा.

हे पत्र मी कॉटवर बसून मोबाईलवर लिहिते आहे. दिवा बंद झाला आहे. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी ठाकुर्लीला एक खोली बघायची आहे, भाडं ८,५००. ब्रोकरने आधीच विचारलंय, "फॅमिली आहे ना?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपली,
डोंबिवलीतील एक नोकरदार भाडेकरू