फोन वाचकाच्याच हातात राहू दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लोक काउंटरवर पुस्तकाऐवजी मोबाइल पुढे करून 'एवढं जरा बघता का?' म्हणतात, आणि तुझा सहकारी कुरकुरतो की हे ग्रंथपालाचं काम नव्हे. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. वाचकाने काय घेऊन यावं, अशी अट त्यात नाही. असो, त्याच्याशी वाद घालू नकोस.

मी एकच नियम काटेकोर पाळतो. फोन वाचकाच्या हातातून घेत नाही. समोरचा एकेक अक्षर शोधत असतो, मागे रांग खोळंबलेली असते, आपली बोटं नुसती शिवशिवतात. तरी नाही. आपण झटकन करून दिलं, तर तोच माणूस तेच दुखणं घेऊन पुन्हा येतो. शिवाय फोनमध्ये माणसाचं काय नसतं? बँकेचे मेसेज, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, घरातली भांडणंसुद्धा. ओटीपी येणार असं दिसलं की मी मान वळवतो, त्यांना कळेल अशी. पासवर्ड 'तुमच्याकडेच लिहून ठेवा' असा आग्रह होतो, तो मानायचा नाही. पैशांचे व्यवहार तर करून देऊच नकोस.

तक्रार एक असते आणि दुखणं भलतंच. 'फोनमध्ये व्हायरस शिरलाय, सारख्या सूचना येतात' म्हणणाऱ्याने बहुधा कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलेलं असतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये त्या साइटची नोटिफिकेशनची परवानगी काढली की कटकट थांबते. 'फोन साफ करणारं' ॲप मात्र टाकू देऊ नकोस. लॅपटॉपला जोडूनही फोटो दिसत नसतील तर आधी केबल बदलून बघ. काही केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात.

सर्वांत जपायचं ते 'जागा संपली' म्हणणाऱ्यांना. गूगल फोटोजमध्ये 'फ्री अप स्पेस' केलं तर बॅकअप झालेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत जाते. 'डिलीट' केलं तर क्लाउडमधली, म्हणजे इंटरनेटवर गूगलकडे साठवलेली प्रतही जाते. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, पण तोवर माणूस रडकुंडीला आलेला असतो. म्हणून काहीही पुसण्याआधी 'याची दुसरी प्रत कुठे आहे?' हे त्यांच्याच तोंडून काढून घे. उत्तर आलं नाही, तर त्या दिवशी पुसणं नाही.

प्रत्येक अडचण सुटेलच असं नाही. फुटलेला स्क्रीन किंवा फुगलेली बॅटरी दिसली की सरळ दुरुस्तीवाल्याकडे पाठव.

आणि सहकाऱ्याला ई-बुकवाल्यांपाशी बसव. किंडलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-बुक वाचायच्या यंत्रात, केबलने टाकलेली ई-पब प्रकारची ई-बुक फाइल दिसत नाही, तीच ॲमेझॉनच्या 'सेंड टू किंडल' सोयीने पाठवली की उघडते. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. एवढं दाखवलं की लोक लगेच पुढचं पुस्तक विचारतात, आणि ते सुचवायला त्याला नक्की आवडेल.

तुझाच,
मित्र