आठवी झाली म्हणून तिची शाळा थांबवू नका

ती. आण्णा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आण्णा म्हणाले, "सरकारनं आठवीपर्यंत शिकवा म्हणून सांगितलंय. तिची आठवी झाली. आता कसली सक्ती?" तेवढ्यात रेंज गेली आणि बोलणं तिथंच राहिलं. पुन्हा फोन लावता आला असता, पण मला जे सांगायचंय ते फोनवर सांगून होणारं नाही. पत्र तुम्हाला दादाची थोरलीच वाचून दाखवील हे मला माहीत आहे. बरंच आहे. बोलणं तिच्याबद्दल चाललंय, तिला यंदा ऊसतोडीला न्यायचं की शाळेत ठेवायचं याचं, आणि अजून तिला कुणी काही विचारलेलं नाही.

आण्णा, तुम्ही म्हणता ते कायद्याला धरूनच आहे. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरताच आहे. बालमजुरीचा कायदा चौदानंतर फक्त खाणी, स्फोटकं असल्या धोक्याच्या कामांना मनाई करतो. उसाचा फड त्यात येत नाही. लग्नाचा कायदा म्हणतो, अठराच्या आत नको. मग चौदा ते अठरा ही चार वर्षं पोरगी कुणाच्या हवाली? शाळेत असलीच पाहिजे असं सांगणारा कायदा नाही, फडावर नेऊ नका असं सांगणाराही नाही. आपल्याकडच्या पोरींचं आयुष्य नेमकं याच चार वर्षांत ठरून जातं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांमागं चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्यांच्या आईबापांना लेकी जड झाल्या होत्या असं मला कधीच वाटलं नाही. आई, तू जे म्हणालीस तेच त्यांनीही म्हटलं असणार: मागं ठेवावी तर कुणाच्या भरवशावर, आणि सोबत न्यावी तर फडाजवळच्या कोपीला, त्या पाचटाच्या खोपटाला, धड दार नाही. या भीतीपायी लग्न उरकतात. लग्न झालं की ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता होतो, मजूर नेणारा मुकादम हंगामाआधी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि पोरगी पुन्हा त्याच फडात जाते.

म्हणून मला सक्ती हवी आहे, आणि ती चौदाला संपायला नको, अठरापर्यंत हवी. हे मी शाळेत बाई झाले, सरकारी पगार खाते म्हणून म्हणत नाही. मला आजीनं घरी ठेवून घेतलं म्हणून मी शिकले. आजीच्या हट्टापलीकडं मला कशाचाच आधार नव्हता. दादाला माझ्याइतकीच शाळा आवडायची. गणितात तो माझ्यापेक्षा तल्लख होता, हे तुम्हीही सांगता. सहावीत दिवाळीनंतर तो तुमच्यासोबत गेला, उन्हाळ्यात परत आला तेव्हा वर्ग पुढं निघून गेला होता आणि पुढच्या वर्षी त्याचं नाव कुणी काढलं नाही. आण्णा, यात मी तुम्हाला बोल लावत नाही. उचल अंगावर होती, बैलांना चारापाणी करायला, कोपी राखायला माणूस लागायचं. पण एका घरातल्या दोन लेकरांपैकी एक शिकतं आणि एकाचं सुटतं, आणि ते आजीच्या अंगात किती बळ आहे यावर ठरतं, हे बरोबर नाही. ज्या घरात अशी आजी नाही त्या घरातल्या लेकराच्या बाजूनं कायद्यानं उभं राहावं, एवढंच मागणं आहे.

आणि हे मागणं काही आजचं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढं मांडलं होतं की निदान बारा वर्षांपर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली तसं विधेयक आणलं, ते पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात बडे जमीनदारही होते. शिकायला गेलेलं पोर राबायला मिळत नाही, हा हिशेब त्यांनाही कळत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदाच केला आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. त्या काळी एक रुपया म्हणजे थोडी रक्कम नव्हती.

तो दंड मात्र मला आज नको आहे. ज्या घरावर आधीच उचल आहे त्याला आणखी दंड लावून कोण शिकणार? आताच्या कायद्यात आईबापाला शिक्षा नाहीच, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. मुलाला शाळेत दाखल करून घेणं, ते रोज येतंय हे पाहणं, त्याचं शिक्षण पुरं करून घेणं, ही सक्ती कायद्यानं सरकारवर घातलेली आहे. कामासाठी गाव सोडून गेलेल्या घरांतली मुलं दाखल करून घेणं हे तिथल्या पंचायतीचं, पालिकेचं काम आहे. दाखला हातात नाही म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायला आता शिक्षण हमी कार्डही देतात.

कागदावर हे सगळं आहे, आणि इकडे सांगलीकडं मी दर हंगामात दुसरंच बघते. कारखान्याच्या तळावर आम्ही शिक्षक मुलांची नावं लिहून घ्यायला जातो. आईबाप पहाटेच फडात गेलेले, आणि नऊ-दहा वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन पाचटाच्या कोपीसमोर बसलेली. शाळेत चल म्हटलं तर म्हणते, "मग ह्याला कोण बघणार?" तिला उत्तर द्यायचं तर तळावर पाळणाघर पाहिजे, आणि ते कारखान्यानं चालवलं पाहिजे. जे कर्नाटकात जातात त्यांच्या लेकरांना तर शेजारची शाळा कानडी. आपल्या गावातलं हंगामी वसतिगृह गेल्या साली गाड्या गेल्यावर महिन्यानं सुरू झालं, आणि तेही आठवीपर्यंतच. तोवर लेकरं गाडीत बसून गेलेली असतात. सक्ती करायची तर पहिली इथं करा. दसऱ्याच्या आत वसतिगृह उघडलं नाही तर अधिकाऱ्याला जाब द्यावा लागला पाहिजे. चौदाच्या आतलं लेकरू शाळेच्या वेळेत फडात दिसलं तर आईबापाला नको, मुकादमाला आणि कारखान्याला विचारा.

आण्णा, तुमचा दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. "शिकून तरी काय? बारावी झालेलं पोरगंही कोयताच हाणतंय." हे खोटं आहे असं मी कशी म्हणू? मी ती पोरं ओळखते. शाळा नोकरीची हमी देत नाही आणि देते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण त्या बारावीवाल्या पोराला मुकादमाची वही वाचता येते. किती टन गेला, किती फिटले, किती उरले, हे तो स्वतः मांडतो. तुमचा हिशेब मुकादम सांगेल तो होता, आणि दर वर्षी काही ना काही बाकी निघायचीच. आणि पोरीचं म्हणाल तर, अठरापर्यंत शाळेत राहिली तर निदान ती चार वर्षं तिच्या अंगाला मोळी लागत नाही, पोटात लेकरू वाढत नाही. पुढं नोकरी नाही लागली तरी ही चार वर्षं तिची तिला मिळालेली असतात. मला एवढंही पुरेसं वाटतं.

आता आपल्या घरचं. ती नववीत बसली आहे, पहिलं सत्र संपत आलंय, एसटीचा पास तिला फुकट आहे. दादा-वहिनीनं यंदा उचल घेताना तिला धरू नये, स्वयंपाकाला आणि धाकट्याला बघायला म्हणूनसुद्धा नाही. धाकट्याला तुम्ही ठेवून घ्या. आई, तुझे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, म्हणून दिवसा एक बाई लावू, तिचे पैसे मी पाठवीन. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहांची योजना आहे, तिथल्या जागेची चौकशी मी तालुक्याला केली आहे. तिथं नाहीच जमलं तर ती तुमच्यापाशी राहील आणि मी दर महिन्याला येऊन तिचा अभ्यास बघेन.

आणि तुला, वाचणारीला: हे आजोबा-आजीला वाचून झालं की तुझं म्हणणं काय आहे ते त्यांच्यासमोर सांग. घाबरू नको. मग उलट टपाली मला लिही. आधार कार्ड, आठवीचं गुणपत्रक आणि आण्णांचं ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र काढून ठेव, दसऱ्याच्या सुट्टीत मी येतेय, फॉर्म भरू.

तुमची लेक