‘लोककला’ म्हणून थांबू नका

समकालीन रेखाटनकारांच्या बारीक कामावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. मात्र त्यात गोंड चित्रे ‘पारंपरिक लोककला’ या एका शब्दात आटोपली आणि एकाही चित्रकाराचे नाव आले नाही, याबद्दल आक्षेप नोंदवावासा वाटतो.

मध्य प्रदेशातील पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांच्यापासून सुरू झालेल्या या परंपरेत प्रत्येक चित्रकार आकृतीच्या आतील जागा ठिपके, रेघा, खवले अशा स्वतःच्या भरणीने सजवतो आणि जाणकार त्या भरणीवरूनच चित्रकार ओळखतात. याच परंपरेतील दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चित्रपुस्तकात कॉमिक्सच्या नेहमीच्या चौकटी नाकारल्या आणि भिंतीवर काढल्या जाणाऱ्या ‘दिग्ना’ नक्षीच्या वळणांनी पाने विभागली. मृदू बोलणे पक्ष्याच्या आकारात आणि विखारी बोलणे विंचवाची नांगी असलेल्या संवादाच्या फुग्यात लिहिण्याची त्यातील योजना तर मला विलक्षण वाटते. असा निर्णय परंपरा आपोआप घेत नाही, तो विचार करणारा चित्रकार घेतो. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली आहे.

महाडच्या पाण्याची कथा ज्यांनी इतक्या ताकदीने रेखाटली, त्यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवे. पुढील लेखात अशी चित्रे चित्रकाराच्या नावासह आणि बारीक रेघ दिसेल एवढ्या मोठ्या आकारात छापावीत, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर