बोटीवरचे सात तास

प्रिय मित्रा,

तुझ्या मुलाने २० किलोमीटरच्या सागरी स्पर्धेत नाव दिल्याचं कळलं, तेव्हापासून लिहीन म्हणतोय. तो पोहेल, त्याचा सराव आहे. मला काळजी वाटते ती बोटीवर बसणाऱ्या तुझी.

लेकीच्या वेळी मला वाटलं होतं, आपण सोबत असलो की झालं. तसं नसतं रे. दर अर्ध्या तासाला दोरी बांधलेली बाटली फेकायची, कारण बोटीला धरलं किंवा आपण आधार दिला की पोहणारा बाद. तिने पाय मारत जागच्या जागी तरंगत प्यायचं आणि लगेच निघायचं. थांबलं की प्रवाह मागे ओढतो. दर वेळी एक मिनिट जास्त गेलं, तर सात तासांत तेरा मिनिटं पाण्यात गेली. म्हणून पेय कोमट, झाकण आधीच सैल, गप्पा बंद. हे सगळं हिने चोख सांभाळलं. बोट मात्र तो श्वास घेतो त्या बाजूला ठेवायला सांग, म्हणजे मान वळली की तुम्ही दिसाल. आणि इंजिनचा धूर त्याच्या तोंडावर येत नाही ना, ते बघ. अंगाला व्हॅसलिन लावताना हातमोजे घाल. तेच हात गॉगलला लागले तर दिवसभर धूसर दिसतं.

माझ्याकडे हात मोजायचं काम होतं, म्हणजे ती मिनिटाला किती हात मारते ते. सुरुवातीला मिनिटाला ६४ पडत होते, पाचव्या तासाला ५२. गारठ्याने आधी बोलणं जड होतं, मग डोकं चालेनासं होतं. मी ओरडून विचारलं, "तुझी पहिली सायकल कुठल्या रंगाची?" "लाल! बाटली टाका ना बाबा!" उत्तर अडखळलं असतं तर मी तिला बाहेर काढणार होतो. ती अट आदल्या रात्री तिनेच मान्य केली होती. तूही हे किनाऱ्यावरच, त्याच्या तोंडून वदवून घे. पाण्यातला माणूस "मी ठीक आहे" एवढंच म्हणतो.

एक चूक मला अजून सलते. तिने विचारलं, "किती राहिलं?" मी म्हणालो, "थोडंच." समोर किनारा दिसत होता, पण भरती-ओहोटी फिरली होती आणि अर्ध्या तासाने तो तेवढाच लांब होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पुन्हा विचारलं नाही. जलतरणपटू आरती साहांना १९५९च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडीत असाच प्रवाह आडवा आला होता. इंग्लंडचा किनारा काही मैलांवर असताना त्यांना थांबावं लागलं. २९ सप्टेंबरला पुन्हा उतरून त्यांनी ती १६ तास २० मिनिटांत पार केली. मला हे माहीत होतं, तरी मी "थोडंच" म्हणालो. तू अंतर सांगूच नकोस. "पुढच्या बाटलीपर्यंत" एवढंच म्हण.

ती हसत बाहेर आली. दहा मिनिटांनी अशी थरथरायला लागली की हातात कप ठरेना. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ उतरतच राहतं. तेव्हा फोटो नंतर, आधी कोरडे कपडे आणि टोपी, आणि लगेच गरम पाण्याची अंघोळ नको. मी तिला टॉवेलात गुंडाळलं, तेव्हा सात तासांत पहिल्यांदा माझा हात तिला लागला.

तारीख कळव. बोटीत तिसऱ्याला जागा असेल तर मी येतो, हात मोजायला.

तुझाच