बोडी बुजवू नका

तीर्थस्वरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, आपली बोडी, शेतातलं ते छोटं तळं, सपाट करून तिथे धानाच्या बांध्या पाडायचं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही, म्हणून लिहिते. तुमची अडचण मला कळते. पाळ खचलीय, पाणी सोडायच्या तुडुमाजवळून ते झिरपतं, अर्धी बोडी बेशरमच्या झुडपांनी गिळलीय, आणि कामाला माणसं मिळत नाहीत. एकरभर धान वाढेल हा हिशेब कोणालाही पटेल. पण तो अर्धाच आहे. धान गर्भात असताना पावसाने दडी मारली की खालच्या बांध्यांना पाणी कुठून मिळतं? तुडुम उघडला की ते उताराने आपोआप जातं, ना वीज ना डिझेल. बोडी बुजवली तर वरचा एकर पिकेल आणि खालचं शेत आभाळाकडे बघत बसेल.

1951 साली मालगुजारांची जमीनदारी गेली, मोठे तलाव सरकारकडे गेले, पण आपल्यासारख्यांच्या बोड्या सातबाऱ्यावर राहिल्या. पाणथळ जागांसाठी 2017 साली केंद्राचे नियम आले, त्यांत भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेली तळी व्याख्येतूनच वगळलीत. म्हणजे बोडी राखायला कुठलाच साहेब येणार नाही. मालकाच्या मनात असेल तरच ती राहते. राज्यातले उरलेसुरले सारस मुख्यतः आपल्या गोंदियाकडेच आहेत, आणि ते घरटं करतात ते शेतकऱ्याच्या धानात, चरतात अशाच बोड्यांत. हे मला फार मोलाचं वाटतं, बाबा.

दुरुस्तीचं मी बघते. मे महिन्यात पाणी आटलं की बेशरम मुळासकट उपटायची. नुसती कापून चालत नाही, तुटलेलं कांडंसुद्धा चिखलात रुजतं. म्हणून काढलेली सगळी कोरड्या जागी नेऊन वाळवायची. गाळ आपल्याच बांध्यांत टाकू. जेसीबीवाला चारी बाजू सरळ कापून चौकोनी खड्डा करायला बघेल, त्याला तसं करू द्यायचं नाही. एका अंगाला खोल, बाकी काठ लांब उताराचा हवा. पाणवनस्पती त्या उथळ पाण्यातच वाढतात, मासे तिथेच अंडी घालतात, पक्षी तिथेच उभे राहतात. खोदण्याआधी कमळाचे कंद आणि देवधानाचा, म्हणजे आपोआप उगवणाऱ्या रानधानाचा, एक कोपरा मात्र राखून ठेवायचा. आई, ऋषिपंचमीला देवधानासाठी तुला दुसऱ्यांकडे जावं लागतं, ते आपल्याच काठावर पुरेसं येईल.

माशांचंही सांगते. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. मरळ, शिंगूर इथेच वाढतात, पण त्यांना पाण्यात गवत लागतं. म्हणून गवत्या मासा कोणी फुकट दिला तरी सोडू नका, तो सगळं खाऊन टाकतो. मासेमारी आपल्या गावच्या ढीवरांनाच द्या. पाण्यातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं खात्याच्या माणसालाही कळत नाही, असं माझं मत आहे. बेशरम काढायलाही त्यांनाच आधी विचारा.

पाळीच्या आणि तुडुमाच्या खर्चाचे पैसे मी पाठवते. तुम्ही उन्हात उभे राहू नका, कामाच्या दिवसांत मी रजा घेऊन येणार आहे. तोवर ट्रॅक्टरवाल्याला होकार देऊ नका, आणि दिला असेल तर माझं नाव सांगून मोडा.

तुमची,
ताई