माई, आमचा गोठा गोधडीवर उतरला

ती. माई,
सा. न.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता मध्येच “पुरे गं” म्हणता येणार नाही.

सांवेरजवळच्या शेतावरचा आमचा जुना गोठा पाडायचं ठरलं, तेव्हा तो कापडावर तरी राहावा एवढंच डोक्यात होतं. मी क्लॉथ मार्केटला निघालेच होते. तुम्ही मात्र आमच्या घरातली जुनी लुगडी आणि बाबांची धोतरं मागवलीत. धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती कापडातून सुई कशी सरसर जाते ते हाताला कळलं, आणि नव्या कापडाचं नावच निघालं नाही.

छपराच्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा, काळपटपणा कुठल्याच कापडात सापडेना. तुम्ही धोतराचे तुकडे हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायला लावलेत, मग गंजके खिळे आणि गूळ घालून आंबवलेल्या पाण्यात बुडवलेत. बघता बघता धुरकट काळे! धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या कापडछपाईतला काळाही लोखंडाचाच, हे तेव्हा समजलं. वासाबद्दल आमच्या घरचे अजून बोलतात, ते सोडा.

पण खरे आभार एका प्रश्नाचे. भिंती, दावण, गव्हाण सगळं टाचून झालं होतं. तुम्ही चष्मा वर करून विचारलंत, “गाई मान घासायच्या तो खांब गुळगुळीत नव्हता झाला?” झाला होता की! कमरेच्या उंचीवर लाकूड तेल चोळल्यासारखं चमकायचं. तिथे तुम्ही तुमच्या विरलेल्या महेश्वरी साडीचा तुकडा लावलात. उभा ताणा रेशमी, आडवा बाणा सुती, त्यामुळे चमक बेताचीच. बाबांनी गोधडी पाहिली आणि पहिलं बोट त्या खांबावरच ठेवलं.

अमेरिकेत, ओहायोच्या अ‍ॅडम्स काउंटीत, डॉना सू ग्रोव्ह्ज यांनी २००१ साली शेतावरच्या कोठारांवर गोधडीचे चौकोन रंगवण्याची चळवळ सुरू केली. गोधड्या शिवणाऱ्या आपल्या आईसाठी त्यांना ते करायचं होतं. तिकडे गोधडी कोठारावर चढली, इकडे गोठा गोधडीवर. हे ऐकून तुम्ही म्हणालात, “त्यांचं बरं आहे, धुवायला पाऊस आहे.”

काठापासून फेर घेत मध्यापर्यंत धावदोरा घालून झाला आहे. आता बाबांची फर्माईश आहे विहिरीवरच्या मोटेची. उरलेले तुकडे घेऊन रविवारी येते. मोट ओढायचा नाडा कशाचा करायचा ते तुम्हीच सांगा.

तुमची,
शेजारची सूनबाई
इंदूर