पहिल्या हरण्यातच ग्लोव्हज काढून घेऊ नका

संपादक महोदय, स.न.वि.वि.

माझी भाची डिचोलीहून रोज कदंब बसने म्हापशाला जाऊन बॉक्सिंग शिकते. गेल्या महिन्यात तिची पहिली बाऊट म्हणजे लढत झाली नि दुसऱ्या राऊंडला रेफ्रीने थांबवली, हरली. घरी जो तो म्हणायला लागला पुरे आता, नाक-बिक मोडलं तर मुलीचं काय करायचं, आणि क्लबनेही पुढच्या स्पर्धेला तिचं नाव घातलं नाही. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री मी तिला होंग सू-ह्वानबद्दल सांगितलं, तेच बाकीच्या आईबाबांनीही वाचावं म्हणून हे पत्र.

हा कोरियाचा बॉक्सर. जुलै १९७४ ला दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जाऊन तिथल्याच अर्नोल्ड टेलरला चार वेळा पाडून डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा बँटमवेट या हलक्या वजनी गटातला चॅम्पियन झाला, तेव्हा तो सैन्यात होता. फोनवर आईला सांगितलं, आई मी चॅम्पियन झालो, कोरियात लोकांना ते अजून आठवतं. पण पुढच्याच वर्षी मेक्सिकोच्या आल्फोन्सो झामोराने त्याला चौथ्या राऊंडला नॉकआऊट केलं. १९७६ ला परत त्याच्याशीच लढला, यावेळी इंचॉनला, आपल्या माणसांसमोर, आणि बाराव्या राऊंडला परत हरला.

मग एक वजनी गट वर चढला नि २६ नोव्हेंबर १९७७ ला पनामात उभा राहिला. समोर तिथलाच हेक्टर कारास्क्विया, ११ फाईट नि अकराही नॉकआऊटने जिंकलेला. दुसऱ्या राऊंडला होंग पडला, उठला, परत पडला, एकाच राऊंडमध्ये चार वेळा! तिसऱ्या राऊंडला सरळ अंगावर गेला आणि कारास्क्वियालाच झोपवला. दोन वजनी गटांत वर्ल्ड चॅम्पियन झालेला तो पहिला कोरियन.

भाची लगेच म्हणाली, मामा मग माझी का थांबवली, मी पण उठले असते. तर रेफ्रीने केलं ते बरोबरच केलं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. तीनदा पडला की संपलं हा नियम त्या फाईटला ठेवला नव्हता म्हणून होंगला चान्स मिळाला. १९८२ ला कोरियाचाच किम डुक-कू लास वेगासला अमेरिकेच्या मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या राऊंडला पडला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या दुसऱ्या जागतिक संघटनेने चॅम्पियनशिपच्या फाईटचे १५ राऊंडचे १२ केले. पोरांनी मार खात उभं राहावं असं माझं बिलकुल म्हणणं नाही.

मला त्या चार पडण्यांपेक्षा इंचॉन ते पनामा हे मधले तेरा महिने मोठे वाटतात. दोनदा एकाच माणसाकडून हरलेला माणूस परत सकाळी उठून पळायला जातो, दोरीवरच्या उड्या मारतो, बॅगवर हात चालवतो. आमच्या पोरांना ते तेरा महिने द्या एवढंच कोचना नि पालकांना सांगणं आहे. हरलेल्या मुलांना पुढच्या स्पर्धेला न्या, निदान बाकावर तरी बसवा. आणि आपल्या पेपरात जिंकलेल्यांसोबत समोरच्या कोपऱ्यातल्याचं नावही छापा, घरचे ते कात्रण जपून ठेवतात.

भाची सोमवारपासून परत बसला जाते.

एक मामा, डिचोली